एका ‘च’ची किंमत



मंडळाच्या कार्यवाहांनी व्याख्यानासाठी विचारलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. या मालेत साहित्यिक येतात, प्राध्यापक येतात. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या होमिओपॅथिक डॉक्टरने इथे येऊन काय सांगायचं? ते म्हणाले, ‘अडतीस वर्षं तुम्ही लोकांचं ऐकताय, त्यातलंच काहीतरी सांगा.’ मग नाही म्हणवेना. त्या दिवशी जे बोललो तेच थोडं विस्ताराने इथे लिहितो आहे.

विषय एका रुग्णाने दिला. एक निवृत्त शिक्षक झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आले होते. तपासून झाल्यावर उठता उठता म्हणाले, ‘डॉक्टर, आमची मंडळी रोज देवळात जाते आणि समाधानाने परत येते. माझं मन तिथे लागत नाही. श्रद्धा नाही, आणि ती ओढूनताणून आणता येत नाही. मग माझ्यासारख्याने मनाच्या शांतीसाठी जायचं तरी कुठे?’ मी त्यांना त्या दिवशी गोळ्या दिल्या, उत्तर दिलं नाही. हे लिखाण म्हणजे त्यांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मी जैन घरात वाढलो. आमच्या परंपरेत जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाहीत. आपलं आपणच निस्तरायचं असतं, हे आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे ‘वर कुणी नसेल तर माणसाची आत्मिक वाढ होणार कशी’ हा प्रश्न मला फारसा अडला नाही. पण हा लेख जैन धर्मावर नाही, कोणत्याच धर्मावर नाही. देव मानणाऱ्यांनी तो मानून वाचावा, न मानणाऱ्यांनी न मानता. ‘अध्यात्म’ हा शब्द मी इथे साध्या अर्थाने घेतो: स्वतःच्या आत पाहणं, आणि पाहता पाहता ‘मी, मला, माझं’ याची पकड सैल होणं. ती सैल करण्याची एक रीत मानसशास्त्राने दिली आहे. ती घरी बसून, वही-पेन घेऊन करता येते. तेवढीच मला सांगायची आहे.

ऐकताना सापडलेलं अक्षर

आमच्या शास्त्राचे जनक सॅम्युअल हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. रोगी बोलत असताना डॉक्टरने गप्प राहावं, मध्ये तोडू नये, अशी त्यात स्पष्ट सूचना आहे. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही तासभर नुसतं ऐकतो. इतकी वर्षं ऐकून मला दोन गोष्टी कळल्या.

पहिली माझ्या धंद्याला जरा अडचणीची आहे, पण सांगतो. पुष्कळांना बरं वाटायला लागतं ते माझी गोळी जिभेवर पडण्याआधीच. आपलं कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं, याचाच त्यांना गुण आलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की, दुःख सांगताना माणसं एक अक्षर फार वापरतात. ‘मुलाने फोन करायलाच हवा.’ ‘सुनेने मला विचारायलाच पाहिजे होतं.’ ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये.’ ‘हे माझ्याच नशिबी का?’ ते अक्षर म्हणजे ‘च’. व्याकरणात ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. म्हणजे तो शब्दाला जोडला तरी शब्दाचं रूप बदलत नाही. बोलणाऱ्या माणसाचं रूप मात्र तो बदलून टाकतो. ‘फोन करावा’ म्हणणारी आई वाट पाहते. ‘फोन करायलाच हवा’ म्हणणारी आई पेटलेली असते. इच्छा दोघींची एकच. एकीने तिला अट जोडली आहे, एवढाच फरक.

बागेतल्या बाकावरचा प्रयोग

या अटीवर आयुष्यभर काम करणारा माणूस अमेरिकन होता. अल्बर्ट एलिस यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१३ रोजी पिट्सबर्ग इथे झाला. ते न्यूयॉर्कमध्ये वाढले. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना वारंवार रुग्णालयात राहावं लागलं, आणि आईवडील भेटायला क्वचितच येत. मोठेपणी ते भलतेच बुजरे झाले. अनोळखी मुलीशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा.

एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवर एक प्रयोग केला. घराजवळच्या ब्राँक्सच्या वनस्पती-उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी स्त्री बसलेली दिसली की त्याच बाकावर बसायचं, आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. अशा १३० जणी त्यांना भेटल्या. ३० तिथून लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. त्यांतल्या एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. हिशेबाने पाहिलं तर प्रयोग साफ फसला. पण एलिसना त्यातून एक मोलाची गोष्ट मिळाली. शंभर नकार मिळूनही काही बिघडलं नव्हतं. भीती गेली, कारण ‘मला नकार मिळताच कामा नये’ ही अट गेली होती.

पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले. सुरुवातीला त्यांनी मनोविश्लेषण केलं. रोग्याला कोचावर झोपवून वर्षानुवर्षं बालपण उकरत बसायचं, याला ते कंटाळले. १९५५ साली त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. तिचं मूळ त्यांनी कुठल्या प्रयोगशाळेत शोधलं नाही. एपिक्टेटस नावाच्या, एके काळी गुलाम असलेल्या ग्रीक तत्त्ववेत्त्यापर्यंत ते मागे गेले. घटना माणसाला अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची त्याची मतं करतात, हे एपिक्टेटसचं सांगणं त्यांनी पायाशी ठेवलं. १९८२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांना सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञ कोण असं विचारलं गेलं, तेव्हा कार्ल रॉजर्स पहिले आले, एलिस दुसरे आणि फ्रॉइड तिसरे. २४ जुलै २००७ रोजी एलिस गेले तेव्हा त्यांचं वय ९३ होतं. ते देव मानत नसत. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि त्यांचा विचार आपल्याकडे रुजवला. मराठीत या विषयाची ओळख झाली ती त्यामुळे.

एलिसचा रोख इंग्रजीतल्या ‘मस्ट’ या शब्दावर होता. मराठीत ते काम एका अक्षराने भागतं.

रविवारचा फोन

आता ही पद्धत चालते कशी ते पाहू. एका काकूंशी झालेलं बोलणं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तक्रार छातीत धडधडण्याची होती. हृदयाच्या तपासण्या करून झाल्या होत्या, त्यांत काही निघालं नव्हतं.

‘काकू, धडधड कधी होते?’

‘रविवारी. मुलगा हैदराबादला असतो. नऊ वाजता फोन करतो. नाही आला की सुरू होतं.’

‘फोन न येणं आणि धडधड, या दोन्हींच्या मध्ये काय होतं?’

‘मध्ये काय असणार डॉक्टर? फोन आला नाही, धडधड झाली.’

‘तुमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगाही बाहेरगावी आहे ना? त्याचा फोन आला नाही तर त्यांना धडधडतं का?’

काकू थोडं थांबल्या. ‘तिचं काय! ती म्हणते, असेल पोरगं कामात.’

‘आणि तुम्ही काय म्हणता?’

‘मी म्हणते, एवढं खस्ता खाऊन वाढवलं, आठवड्याला एक फोन त्याने करायलाच हवा. करत नाही म्हणजे आईची किंमत नाही त्याला.’

हेच ते ‘मधलं’. एलिसने याला ‘ए-बी-सी’ असं सोपं नाव दिलं. ‘ए’ म्हणजे घटना, फोन न येणं. ‘सी’ म्हणजे परिणाम, धडधड. आपल्याला वाटतं ‘ए’मुळे ‘सी’ झालं. खरं तर मध्ये ‘बी’ असतो. बी म्हणजे आपण स्वतःशी बोललेलं वाक्य. ते इतक्या सवयीचं असतं की बोललो हेही कळत नाही. घटना पुष्कळदा आपल्या हातात नसते. परिणाम थेट बदलता येत नाही, ‘धडधडू नकोस’ असं सांगून छाती ऐकत नाही. हात घालता येतो तो मधल्या वाक्यात.

हात घालायचा म्हणजे त्या वाक्याला तीन प्रश्न विचारायचे. एक: याला पुरावा काय? मुलाने फोन करणं चांगलं हे खरं, पण करायलाच हवा हा नियम कुठे लिहिला आहे? दोन: यातून तो निष्कर्ष निघतो का? फोन नाही म्हणजे किंमत नाही, हे गणित बरोबर आहे का? तीन: हे वाक्य धरून ठेवल्याने माझं भलं होतं का? त्याने फोन जास्त येतात का?

तिसऱ्या प्रश्नाला काकू हसल्या. ‘उलट मी इतकी फणकारते की पुढच्या रविवारी तो टाळतोच.’

नवीन वाक्य आम्ही दोघांनी मिळून तयार केलं: ‘त्याने फोन करावा अशी माझी फार इच्छा आहे. नाही केला तर मला वाईट वाटेल. पण त्याने केलाच पाहिजे असं बंधन नाही, आणि नाही केला म्हणून मी टाकून दिलेली ठरत नाही.’ वाक्य बदलल्यावर काकू आनंदाने नाचू लागल्या असं नाही. त्यांना वाईट वाटत राहिलं. पण वाईट वाटणं आणि छाती फुटेल असं वाटणं यांत फरक आहे. एलिसचा आग्रह याच फरकाचा होता. नुकसान झालं तर खेद होणं निरोगी आहे, खचून जाणं नाही. काळजी निरोगी आहे, पोखरणारी चिंता नाही. नाराजी ठीक, संताप नाही. चुकीचा पश्चात्ताप ठीक, ‘मी नालायकच’ हा गंड नाही. ज्या उपदेशात दुःख होऊच नये असं सांगतात, त्या उपदेशातही एक ‘च’ लपलेला असतो, तेवढा ओळखावा.

तीन ठिकाणचे ‘च’

एलिसच्या मते माणसाच्या सगळ्या अटी तीन खात्यांत बसतात.

पहिलं खातं स्वतःचं. मी यशस्वी व्हायलाच हवं, सगळ्यांना मी आवडायलाच हवा. या खात्यातून चिंता आणि न्यूनगंड निघतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी जुलाब होणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यांचं हे खातं भरलेलं असतं. बहुतेकदा ते आईवडिलांनी भरलेलं असतं.

दुसरं खातं इतरांचं. लोकांनी माझ्याशी न्यायानेच वागायला हवं. यातून राग, सूड आणि वर्षानुवर्षांचा अबोला निघतो.

तिसरं खातं जगाचं. माझं आयुष्य सुरळीतच चाललं पाहिजे. यातून चिडचिड, आळस आणि ‘मला हे सहनच होत नाही’ हे वाक्य निघतं. एलिस सांगत की ‘सहन होत नाही’ म्हणणारा माणूस ते म्हणताना सहन करतच असतो. अवघड आहे म्हणावं, अशक्य आहे म्हणू नये.

या तिन्ही खात्यांवरचा उपाय एकच: विनाअट स्वीकार. स्वतःचा, इतरांचा आणि जगण्याचा. स्वीकार म्हणजे कौतुक नव्हे. माझं वागणं चुकलं असेल तर ते चूक म्हणावं, पण एका वागण्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत. टोपलीतला एक आंबा नासका निघाला तर आपण तो बाजूला काढतो, टोपली फेकत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण रोज टोपल्या फेकत असतो, कधी दुसऱ्यांच्या, कधी स्वतःच्या.

माझ्या दृष्टीने अध्यात्माची सुरुवात इथे आहे. ‘जग माझ्या मनासारखं असलंच पाहिजे’ यातला ‘च’ म्हणजे दुसरं काही नसून अहंकार आहे. तो घालवा असं सगळे संत सांगून गेले. मानसशास्त्राने एवढंच केलं, की तो कुठल्या वाक्यात, कुठल्या अक्षरात बसला आहे ते बोट ठेवून दाखवलं.

‘झालाच पाहिजे’

इथे एक गैरसमज होतो. व्याख्यानानंतर एका तरुणाने मला विचारलंच, ‘म्हणजे अन्याय झाला तरी गप्प बसायचं का?’

नाही. ‘च’ काढायचा, इच्छा काढायची नाही. इच्छा तीव्र असू द्या, त्यासाठी धडपडा, भांडा. घरात मारहाण होत असेल तर त्या बाईने आधी आपली वाक्यं तपासू नयेत. आधी सुरक्षित जागी जावं, मदत घ्यावी, पोलिसांत तक्रार द्यावी. जिथे घटनाच बदलता येते तिथे ती बदलणं हाच विवेक.

आपल्या सीमाभागात तर याचं उदाहरण घरोघरी आहे. १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ‘झालाच पाहिजे’ ही घोषणा ऐकत आम्ही मोठे झालो. घोषणेत ‘च’ हवा, त्याशिवाय ती घशातून उठत नाही. प्रश्न मोर्चा संपल्यावरचा आहे.

मी दोन प्रकारची माणसं पाहिली. काहींनी तो ‘च’ घरी नेला. ‘ते होत नाही तोवर कशात राम नाही’ म्हणत ती कडवट होत गेली, आणि त्यांची मुलंही त्या कडवटपणाला कंटाळून दूर गेली. काहींची इच्छा तितकीच प्रखर होती. तीही मोर्चाला गेली, त्यांनीही लाठ्या खाल्ल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयाचं दार उघडलं, मराठी शाळेचा पट टिकावा म्हणून घरोघर हिंडली, आणि कन्नड शेजाऱ्याच्या घरी लग्न निघालं तेव्हा पंगतीत वाढायलाही उभी राहिली. त्यांनी मागणी सोडली नाही. मागणी पुरी होईपर्यंत जगणं मात्र तहकूब केलं नाही. हे मंडळ अशाच माणसांनी चालवलं, म्हणून तुम्ही आज हे वाचता आहात.

रात्रीची दहा मिनिटं

आता कृती. एक साधी वही घ्या. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं काढा. पानावर चार रकाने आखा.

पहिल्या रकान्यात आज मनाला लागलेली एक घटना लिहा. कॅमेऱ्याने टिपली असती तेवढीच. ‘त्याने अपमान केला’ असं नको. ‘बैठकीत मी बोलत असताना तो मोबाइल बघत होता’ असं लिहा. दुसऱ्या रकान्यात झालेला परिणाम: राग, रडू, डोकं दुखणं, जेवण न जाणं.

तिसरा रकाना महत्त्वाचा. मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. शिवी आली असेल तर शिवीही लिहा, वही कुणी वाचणार नाही. मग त्यातल्या ‘च’ला गोल करा. कधी ‘च’ दिसत नाही, तो ‘कसं काय?’, ‘माझ्या बाबतीत?’ अशा प्रश्नांच्या मागे दडलेला असतो. ‘असं कसं वागू शकतो तो?’ याचा अर्थ ‘त्याने असं वागताच कामा नये’ हाच असतो.

चौथ्या रकान्यात ते तीन प्रश्न विचारून नवीन वाक्य लिहा. ते खोटं गोड नको. ‘सगळं छान होईल’ हे मनाला पटत नाही, म्हणून टिकत नाही. ‘मला हे आवडलेलं नाही, तरी मी यातून निभावेन’ हे पटतं.

नुसतं लिहून भागत नाही. एलिस रुग्णांना घरचा अभ्यास देत. लाजेने मरणाऱ्या माणसाला ते सांगत, भर आगगाडीत पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने पुकार. लोक बघतील, हसतील, आणि तू मरणार नाहीस. आपल्याकडे इतकं करायची गरज नाही. बैठकीत ‘मला हे कळलं नाही, पुन्हा सांगता का?’ असं एकदा विचारून पाहा. ज्याचा राग आहे त्याला आपण होऊन नमस्कार करून पाहा. ‘च’ डोक्यातून निघतो तो अशा कृतीने.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. वही दुसऱ्यासाठी नाही. बायकोच्या बोलण्यातले ‘च’ मोजायला लागलात तर घरात नवा आजार सुरू होईल. आणि ही रीत रोजच्या अस्वस्थतेसाठी आहे. आठवड्यामागून आठवडे झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जा. अशा रुग्णांना मी माझ्या गोळ्यांवर थांबवून ठेवत नाही, तिकडे पाठवतो. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तो क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा, स्वतःसाठी नाही तर दुसऱ्या कुणासाठी लागेल.

मोकळ्या झालेल्या जागेत

‘च’ गेला की मनात जागा होते. तिथे काय ठेवायचं? याचं उत्तर मला एलिसपेक्षा व्हिक्टर फ्रँकल यांच्याकडे मिळालं.

फ्रँकल व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे १९४२ साली नाझींनी त्यांना छळछावणीत टाकलं. पुढे ऑश्वित्झसह चार छावण्यांतून ते गेले. आई, वडील, भाऊ आणि पत्नी, सगळे त्या काळात गेले. १९४५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी छावणीतल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं, ते १९४६ साली प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला सुखापेक्षा अर्थाची भूक मोठी असते, आणि अर्थ तीन वाटांनी मिळतो. काहीतरी निर्माण करून किंवा काम करून. कशाचा तरी अनुभव घेऊन किंवा कुणावर तरी प्रेम करून. आणि हे दोन्ही मार्ग बंद झाले तर, न टळणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो त्यातून.

त्यांच्याकडे एक वृद्ध डॉक्टर आले होते. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, दुःख काही केल्या हलत नव्हतं. फ्रँकलनी त्यांना एकच प्रश्न विचारला: तुम्ही आधी गेला असता तर तिचं काय झालं असतं? डॉक्टर म्हणाले, तिला ते फार जड गेलं असतं. म्हणजे, फ्रँकल म्हणाले, ते दुःख तुम्ही तिच्या वाट्याला येऊ दिलं नाहीत, त्याची किंमत आता तुम्ही मागे राहून चुकवता आहात. डॉक्टरांनी काही न बोलता त्यांचा हात हातात घेतला आणि ते निघून गेले. पत्नी परत आली नाही. घटना तीच राहिली. दुःखाला अर्थ मिळाला.

‘आयुष्याने मला हे द्यायलाच हवं’ या वाक्याच्या जागी ‘आयुष्य आत्ता माझ्याकडून काय मागतं आहे?’ हा प्रश्न येणं, यालाच मी धर्माविना झालेली आत्मिक वाढ म्हणतो.

माझा स्वतःचा ‘च’

इतरांचे ‘च’ सांगून झाले, आता माझा.

वडील गेल्यावर जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी माझं बिनसलं. विहिरीच्या बाजूचा तुकडा त्याने ठेवला. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. आमच्याकडे दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर त्यांची क्षमा मागायची. मी दरवर्षी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना संदेश पाठवत असे, ज्यांना दुखवायचा प्रसंगही कधी आला नव्हता त्यांनाही. एक नाव सोडून.

रुग्णांना वही सांगू लागल्यावर एका रात्री मीही लिहायला बसलो. तिसऱ्या रकान्यात वाक्य उतरलं: ‘चूक अण्णाची आहे, आधी त्यानेच बोलायला हवं.’ ‘च’ला गोल केला. पुरावा? थोरल्याने आधी बोलावं असा नियम नाही. निष्कर्ष? वाटणी चुकली म्हणून भाऊ अख्खा वाईट ठरतो का? ज्याच्या सायकलवर पुढे बसून मी शाळेत गेलो, तोही हाच. उपयोग? अकरा वर्षांत विहीर माझ्याकडे सरकली नव्हती, आणि माझं पित्त मात्र वाढलं होतं. ज्या विकाराच्या गोळ्या मी लोकांना देत होतो, त्याच रात्री स्वतःही घेत होतो.

पुढच्या रविवारी एस.टी.ने गावी गेलो. दारात वहिनी होत्या. क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘या की भाऊजी, आत या.’ अण्णा सोप्यात बसला होता. म्हणाला, ‘कधी आलास?’

‘आत्ताच.’

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो उसाबद्दल बोलू लागला, तोड लांबल्याबद्दल, पाण्याबद्दल. विहिरीचा विषय निघाला नाही. त्याने क्षमा मागितली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते शब्द जमले नाहीत. ऊन उतरलं तेव्हा तो वहिनींना म्हणाला, ‘दिवस मावळायच्या आत वाढ त्याला, रात्रीचं जेवत नाही तो.’

मी जेवलो आणि शेवटच्या गाडीने परत आलो. ती वाटणी मला आजही चूक वाटते. ती बरोबर व्हावी अशी इच्छाही आहे. पण आता वर्षातून तीन-चारदा मी गावी जातो, आणि माझी रात्रीची गोळी सुटली आहे.

गुरुजी, तुम्ही विचारलं होतं की श्रद्धा नसलेल्याने जायचं कुठे. दूर कुठे जायला नको. आज रात्री वही उघडा, मनातलं एक वाक्य खरं खरं लिहा, आणि त्यातलं एक अक्षर शोधा.